बिघाडाची खबर: खोपोलीपासून घोडबंदरपर्यंत

खोपोलीच्या वीजघरातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांकडे वीज निघाली. लोणावळा आणि वळवणच्या तलावांचं पाणी नळांतून घाटाखाली उतरवायचं, त्यावर जनित्रं फिरवायची आणि ती वीज सत्तरेक किलोमीटरवरच्या परळला न्यायची, असा टाटांचा बेत होता. तो पाहायला जमशेटजी उरले नव्हते. ते १९०४ मध्येच गेले. दोराबजींनी काम तडीस नेलं आणि गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीजघर सुरू झालं. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आलं, १९२७ मध्ये भिरा. भिऱ्याला पाणी मिळावं म्हणून मुळशीला धरण झालं, मावळातली गावं पाण्याखाली गेली, सेनापती बापटांना आणि मावळ्यांना तुरुंग सोसावा लागला. मुंबईच्या विजेची पहिली किंमत कुणी मोजली हे विसरून तिच्याविषयी लिहू नये.

या विजेने एक नवाच प्रश्न उभा केला. तोवर गिरणीचं इंजिन गिरणीच्याच आवारात असे. वाफ गळायला लागली तर ती कानाला कळे, बेअरिंग तापलं तर हाताला. आता वीज करणारा खोपोलीला, वापरणारा लालबाग-परळला, आणि मध्ये घाट, भातखाचरं, खाजण, खाडी. तारेवर फांदी पडली, चिनीमातीचा इन्सुलेटर तडकला, तर ते बघायला तिथे कुणीच नाही. बिघाड होतो तिथे डोळा नाही आणि डोळा आहे तिथून बिघाड दिसत नाही. विजेच्या धंद्यातली कितीतरी हुशारी गेली शंभर वर्षं या एकाच अडचणीवर खर्ची पडली आहे. त्या हुशारीचा हा इतिहास. त्याचं एक टोक खोपोलीला आहे आणि दुसरं आपल्या मीरा-भाईंदरच्या हद्दीत, घोडबंदरला.

पहिलं उत्तर होतं रिले. त्याचं एक काम सगळ्यांना माहीत असतं: तारेतून वाजवीपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला की तो ब्रेकर उघडायला लावतो, लाइन ट्रिप होते. दुसऱ्या कामाविषयी फारसं बोललं जात नाही. ट्रिप करताना तो आपल्या काचेच्या खिडकीत एक छोटी रंगीत पट्टी पाडतो. तिला फ्लॅग म्हणतात. प्रवाह थांबतो, रिलेची चकती मूळ जागी येते, सगळं शांत होतं. पडलेला फ्लॅग मात्र आपोआप वर जात नाही. माणसाने येऊन खटका हाताने दाबेपर्यंत तो तसाच राहतो. बिघाड सेकंदाच्या काही अंशाचा, त्याची खूण मात्र माणूस येईपर्यंत टिकणारी. उपकेंद्रात नव्याने लागलेल्या ऑपरेटरला जुनी माणसं पहिल्याच शिफ्टला बजावतात: कोणत्या पॅनलवर कोणता फ्लॅग पडलाय ते आधी लॉगबुकात लिही, वेळ टाक, मग रिसेट कर. आधी रिसेट केलंस तर पुरावा गेला. आर, वाय, बी यांपैकी कोणती फेज, ओव्हरकरंट की अर्थ फॉल्ट, डिस्टन्स रिले असेल तर कोणता झोन, म्हणजे बिघाड जवळच्या टप्प्यात की पार पलीकडच्या टोकाशी, एवढं त्या पट्ट्या सांगतात. गस्तीच्या माणसांना कोणत्या टॉवरपासून चालायला लावायचं ते त्यावरून ठरतं.

ट्रान्सफॉर्मरसाठी जर्मनीत माक्स बुखहोल्ट्स यांनी १९२१ मध्ये आणखी शहाणं यंत्र शोधलं. तेलात बुडालेल्या वेटोळ्यांत कुठे ठिणगी उडू लागली की तेलाचं विघटन होऊन वायूचे बुडबुडे वर येतात. बुखहोल्ट्स रिलेत ते हळूहळू साठले की फक्त घंटा वाजते. तेलाचा लोंढा एकदम आला तर ट्रान्सफॉर्मर तत्काळ तोडला जातो. ‘काहीतरी बिनसतंय, लक्ष द्या’ आणि ‘आता थांबलोच’ अशा दोन वेगवेगळ्या खबरा एकाच डबीतून. शंभर वर्षं होऊन गेली, तरी मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या माथ्याजवळच्या नळीत ही डबी आजही असते.

आपल्या भागात वीज आली ती रेल्वेबरोबर. बीबीसीआय (आताच्या पश्चिम) रेल्वेची विरारहून बॅकबेपर्यंतची गाडी १८६७ पासून कोळशावर धावत होती. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली आणि १९३६ मध्ये तारा विरारपर्यंत गेल्या. तेव्हाचं भाईंदर म्हणजे मिठागरं, कोळीवाडे, आगरी-ख्रिस्ती गावं आणि भाताची शेती. या खाडीकाठच्या पट्ट्यात विजेच्या लाइनचा शत्रू वाऱ्यावर येणारं मीठ. पावसाळा संपला की इन्सुलेटरवर खारट थर चढू लागतो. कोरडा असेपर्यंत तो निरुपद्रवी. पहाटेचं दव पडलं की तोच थर वीज वाहू लागतो, इन्सुलेटरच्या अंगावरून ठिणगी झेपावते आणि लाइन ट्रिप होते. सूर्य वर येतो, थर वाळतो, लाइन पुन्हा चालू केली तर बिनतक्रार राहते. दुपारी गस्तीचा माणूस पोचेपर्यंत बघण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. अशा बिघाडाचा एकमेव साक्षीदार म्हणजे पॅनलमधली ती पडलेली पट्टी. समुद्रकाठच्या लाइनमनना धुण्याचं, पुसण्याचं, रात्रीच्या गस्तीचं महत्त्व पुस्तकातून शिकावं लागत नाही, ते यामुळे.

उपकेंद्रं मोठी झाली, पॅनल शेकड्यांनी वाढले, प्रत्येक खिडकीपाशी जाऊन डोकावणं अशक्य झालं. मग नियंत्रणकक्षाच्या भिंतीवर अॅनन्सिएटर आला: चौकोनी दिव्यांचा फलक, प्रत्येक चौकोनावर एका बिघाडाचं नाव. बिघाड आला की चौकोन लुकलुकतो आणि हूटर कोकलतो. ऑपरेटरने ‘अॅक्सेप्ट’ दाबलं की हूटर गप्प होतो, दिवा लुकलुकायचा थांबतो पण जळत राहतो. ‘रिसेट’ केल्यावर तो विझतो, तोही मूळ कारण दूर झालं असेल तरच. नवी खबर, पाहिलेली खबर, मिटलेली खबर या तीन अवस्था इतक्या साध्या साधनाने वेगळ्या ठेवणारी ही रचना मला विजेच्या इतिहासातल्या सर्वांत समंजस रचनांपैकी एक वाटते. यंत्राने सांगितलं एवढ्यावर ती समाधान मानत नाही; माणसाने ऐकलं याचीही नोंद मागते.

पण दिवा कशाला जोडलाय, हा प्रश्न उरतोच. २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारी एक झडप उघडली आणि मिटायच्या वेळी अडकून उघडीच राहिली. फलकावरचा दिवा विझला, म्हणून ऑपरेटरनी झडप बंद झाली असं धरलं. प्रत्यक्षात तो दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता. झडपेच्या विद्युत्चुंबकाला वीज जाते आहे की नाही एवढंच तो दाखवत होता. म्हणजे हुकूम काय दिला ते दिसत होतं, घडलं काय ते नव्हे. दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टीचं पाणी त्या झडपेतून वाहून जात राहिलं आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. त्याच वेळी शंभराहून अधिक धोक्याचे दिवे आणि घंटा एकदम सुरू झाल्या होत्या. इशारे छापणारा प्रिंटर इतका मागे पडला की कागदावर उमटणाऱ्या ओळी जुन्या वेळेच्या होत्या. खबर खोटी असणं, खबर फार असणं आणि खबर उशिरा असणं, तिन्ही एकाच पहाटे घडलं.

बिघाडाची खरी खबर मिळवायची कशी, हाच प्रश्न टेबलावर मावेल एवढ्या पेटीतही सोडवला गेला, आणि ती पेटी आपल्या परिसरात चांगलीच ओळखीची आहे. प्रयोगशाळेतला रेग्युलेटेड पॉवर सप्लाय म्हणजे हवे तितके व्होल्ट, हवा तितका प्रवाह नेमकेपणाने देणारं यंत्र. ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यामुळे मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सचं काम लवकर रुजलं. ठाण्यात प्रभाकर देवधर यांनी १९६२ मध्ये अॅपलॅब सुरू केली आणि पॉवर सप्लाय, मापनयंत्रं इथेच बनू लागली. पुढे राजीव गांधींच्या काळात देवधर इलेक्ट्रॉनिक्स आयोगाचे अध्यक्ष झाले. बाहेरून आणण्याऐवजी आपल्याच गावात यंत्र बनवायचं म्हटल्यावर त्याच्या पोटात शिरावं लागतं, ते बिघडतं कसं हे समजून घ्यावं लागतं. ते शिक्षण या कारखान्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या अनेक तंत्रज्ञांना दिलं.

सुरुवातीला सप्लायच्या पुढ्यात माणूस बसलेला असे. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं तर लाल दिवा लागे, तो बटण दाबी. मग एका संगणकाने रॅकमधले वीस सप्लाय चालवायचे, रात्रभर चाचणी घ्यायची, असा काळ आला आणि लाल दिवा बघायला कुणी उरलं नाही. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने यंत्रांना संगणकाशी बोलण्यासाठी एक तारजोडणी तयार केली होती. ती १९७५ मध्ये आयईईई ४८८ या नावाने सर्वांसाठी मानक ठरली. त्या जोडणीत एक स्वतंत्र तार केवळ हाक मारण्यासाठी राखलेली आहे. यंत्राला काही सांगायचं असलं की ते ती तार खाली ओढतं. संगणक मग एकेका यंत्राला विचारत जातो, ‘तूच का रे बोलावलंस?’ उत्तरादाखल प्रत्येक यंत्र आठ बिटांचा एक आकडा देतं. त्यात ६४ किमतीचं बिट लागलेलं असेल तर हाक त्याचीच. पण उरलेल्या बिटांचा अर्थ प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने लावी. १९८७ मध्ये आयईईई ४८८.२ ने त्यातल्या काही बिटांचे अर्थ नेमून दिले आणि १९९० मध्ये मापनयंत्रांच्या कंपन्यांनी एकत्र येऊन स्किपी ही समान आज्ञाभाषा ठरवली.

या व्यवस्थेत एकाच बिघाडासाठी तीन रजिस्टर असतात. पहिलं आत्ताची स्थिती दाखवतं: व्होल्टेज या क्षणी जास्त आहे का. दुसरं घडून गेलेली गोष्ट धरून ठेवतं: मघाशी जास्त झालं होतं का. तिसरं म्हणजे मुखवटा: यातल्या कोणत्या गोष्टीसाठी संगणकाला हाक मारायची आणि कोणत्या गोष्टी नुसत्या नोंदवून गप्प राहायचं. समजा, पहाटे विचारणा केली आणि दुसऱ्या रजिस्टरने १७ हा आकडा दिला. १७ म्हणजे १६ अधिक १. पुष्कळ सप्लायमध्ये १ हे बिट जास्त व्होल्टेजचं आणि १६ हे जास्त तापमानाचं. आत्ता सप्लाय थंड आहे, व्होल्टेज जागेवर आहे, पहिल्या रजिस्टरात शून्य आहे. तरी रात्री कधीतरी दोन्ही घडून गेलं. रिलेच्या काचेतली पडलेली पट्टी ती हीच, फक्त सिलिकॉनमधली. थ्री माइल आयलंडचा धडाही इथे पाळलेला दिसतो: ‘किती व्होल्ट द्यायला सांगितलं होतं’ आणि ‘मोजल्यावर किती भरले’ या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिलीचं उत्तर वाचून दुसरीचं समाधान मानणारा प्रोग्रॅम कधी ना कधी तोंडघशी पडतो.

एक फरक मात्र जीवघेणा आहे. रिलेचा फ्लॅग नुसता पाहिल्याने जात नाही, हाताने रिसेट करावा लागतो. इथलं घटनेचं रजिस्टर वाचताक्षणी रिकामं होतं. दोन प्रोग्रॅम एकाच सप्लायची विचारपूस करत असतील तर जो आधी वाचेल तो खबर गिळून बसतो आणि दुसऱ्याला सगळं आलबेल दिसतं. त्याहून खोल खड्डा पुढे आहे. वीज जाऊन परत आली की सप्लाय पुन्हा सुरू होतो, १२८ किमतीचं एक बिट लावून ‘मी मध्यंतरी बंद पडलो होतो’ असं नोंदवतो. पण अनेक यंत्रांत त्याच वेळी मुखवटे पुसले जातात. म्हणजे नोंद होते, हाक जात नाही. ज्या घटनेने खबर देण्याची गरज निर्माण केली, तिनेच खबर देण्याची सोय काढून घेतलेली असते. हे माहीत असलेला तंत्रज्ञ प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच मुखवटे पुन्हा चढवतो आणि ते बिट आधी तपासतो. माहीत नसलेल्याचा रात्रीचा प्रयोग सकाळी निरर्थक आकडे घेऊन उभा असतो.

आता या सगळ्याचं मोठं रूप पाहण्यासाठी घोडबंदरला यावं लागेल. मुंबईच्या उपनगरांना वीज देणारी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे बीएसईएस, १९२९ ची. मीरा-भाईंदरलाही ती वीज देई; कंपनी पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानींकडे गेली. बीएसईएस आधी टाटांकडून वीज घेऊन विकत असे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिने डहाणूला स्वतःचं ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र उभं केलं आणि तिथून २२० केव्हीच्या लाइन दक्षिणेकडे आणल्या. त्यातल्या काही घोडबंदरला उतरतात. डहाणूच्या बागायतदारांनी आणि पर्यावरणवाद्यांनी या केंद्राविरुद्ध दिलेला लढा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

त्याच सुमाराला हा परिसर ओळखू येईनासा होत होता. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. २००१ मध्ये ती पाच लाखांवर गेली, २०११ मध्ये आठ लाखांवर. १९८५ ची नगरपरिषद २००२ मध्ये महानगरपालिका झाली. मिठागरांशेजारी सात मजली इमारती, भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे आणि इतर छोट्या कारखान्यांचे गाळे, आणि प्रत्येक गाळ्यात, प्रत्येक लिफ्टमध्ये, पाण्याच्या प्रत्येक पंपात वीज. इतक्या माणसांची वीज सांभाळायला प्रत्येक उपकेंद्रात पहारा बसवणं कुणालाच परवडणार नव्हतं. मग स्काडा आलं: लांबून पाहणं आणि लांबूनच चालवणं.

उपकेंद्रात आरटीयू नावाचं कपाट बसतं. ब्रेकर, आयसोलेटर, रिले, ट्रान्सफॉर्मर यांच्याकडून आलेल्या तारा त्यात शिरतात आणि बिटं होऊन बाहेर पडतात. पूर्वी ही खबर विजेच्याच तारांवरून जाई. २२० केव्हीच्या उपकेंद्रात लाइनच्या तोंडाशी टांगलेलं मोठं पिंपासारखं वेटोळं दिसतं, ते खबरेचे संकेत उपकेंद्राच्या बाकीच्या साधनांत शिरू नयेत म्हणून. आता टॉवरच्या माथ्यावरच्या अर्थवायरच्या पोटातून काचतंतू जातात. ब्रेकरची स्थिती सांगायला मुद्दाम दोन बिटं वापरतात. ०१ म्हणजे उघडा, १० म्हणजे बंद, ०० म्हणजे अध्येमध्ये अडकलेला आणि ११ म्हणजे हे शक्यच नाही, तार तपासा. एका बिटाने भागलं असतं. पण एका बिटाची तार तुटली तर ‘उघडा’ आणि ‘माहीत नाही’ यांतला फरक कळला नसता. शिवाय प्रत्येक मोजमापासोबत त्याच्या विश्वासार्हतेची बिटं जातात: हा आकडा ताजा आहे की शिळा, यंत्राकडून आलाय की कुणी हाताने भरलाय. आणि प्रत्येक घटनेवर मिलिसेकंदाचा शिक्का, कारण साखळीने दहा ब्रेकर पडले तर पहिला कोणता यावरच चौकशी उभी राहते.

खबर देणारंच मुकं झालं तर काय होतं हे जगाने १४ ऑगस्ट २००३ रोजी पाहिलं. अमेरिकेतल्या ओहायोत फर्स्टएनर्जी कंपनीच्या नियंत्रणकक्षातला इशाऱ्यांचा प्रोग्रॅम दुपारी सव्वादोनच्या सुमाराला बंद पडला. पडदे चालू होते. त्यांवर इशारा मात्र येत नव्हता. पुढच्या दीड तासात ३४५ केव्हीच्या तीन लाइन खाली झोल घेऊन झाडांना टेकल्या आणि ट्रिप झाल्या. शेजारच्या कंपन्यांमधून फोन येत होते, लाइन गेल्याचं सांगत होते; पडद्यावर काही नसल्यामुळे ऑपरेटरना ते पटत नव्हतं. चार वाजून गेल्यावर काही मिनिटांत ईशान्य अमेरिका आणि कॅनडातले सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. इशारे नाहीत म्हणजे बिघाड नाही, एवढ्या एका समजुतीची ही किंमत. दोन्ही देशांच्या संयुक्त समितीने एप्रिल २००४ मध्ये तो सारा घटनाक्रम मिनिटामिनिटाने छापून लोकांसमोर ठेवला.

मुंबईने अशा दिवसासाठी एक बंदोबस्त करून ठेवला होता. राज्याचं किंवा पश्चिमेचं जाळं कोसळू लागलं की मुंबईने बाकीच्या जाळ्याशी असलेले दुवे आपोआप तोडायचे, कमी महत्त्वाचा भार झटकायचा आणि ट्रॉम्बे, डहाणू, खोपोली-भिवपुरी-भिऱ्याच्या विजेवर एका बेटासारखं तग धरायचं. आयलँडिंग म्हणतात ते हे. आजूबाजूला अंधार असताना मुंबईचे दिवे लागलेले राहत, त्याचं श्रेय या रचनेला. तिचं सगळं यश फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या रिलेंच्या सेकंदाच्या अंशातल्या निर्णयांवर आणि बेटात भार व निर्मिती यांचा मेळ बसण्यावर.

१२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबईतली लाइट गेली. कोरोनाचे दिवस होते. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी धावत होत्या, त्या रुळांवर उभ्या राहिल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. रुग्णालयांत जनरेटरवर व्हेंटिलेटर चालू ठेवले गेले. ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी सांगितलं की राज्याच्या महापारेषण कंपनीच्या ४०० केव्ही कळवा-पडघा केंद्रात देखभालीच्या कामामुळे सर्किट एकचा भार सर्किट दोनवर होता आणि सर्किट दोनमध्ये बिघाड झाला. मुंबईत बाहेरून येणाऱ्या विजेच्या वाटा मोजक्या. एक दुरुस्तीसाठी बंद, दुसरी बिघडलेली, तेव्हा उरलेल्यांवर न पेलणारा भार आला आणि त्याही गेल्या. या वेळी बेट टिकलं नाही. टिकला तो उत्तरेकडचा तुकडा: डहाणूचं केंद्र चालू राहिलं आणि सुमारे ३८५ मेगावॉट वीज अत्यावश्यक सेवांना देत असल्याचं अदानी इलेक्ट्रिसिटीने जाहीर केलं. ज्या लाइनच्या टॉवरखालून आपण घोडबंदर रस्त्याने रोज जातो, त्यांचं मोल त्या सकाळी किती होतं याची फार थोड्यांना कल्पना असेल. लोकल दुपारपर्यंत पुन्हा धावू लागल्या. काही भागांना रात्रीपर्यंत थांबावं लागलं.

मग वेगळाच वाद पेटला. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस अमेरिकेतल्या रेकॉर्डेड फ्यूचर या कंपनीने भारताच्या वीजव्यवस्थेत चिनी घुसखोरीच्या खुणा सापडल्याचं म्हटलं. लगोलग महाराष्ट्र सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाची बातमी आली: वीज मंडळाच्या संगणकांत १४ ट्रोजन प्रोग्रॅम, परदेशी सर्व्हरवरून आलेला ८ जीबी अनोळखी डेटा. घातपाताचा संशय राज्याच्या मंत्र्यांनी बोलून दाखवला. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र मुंबईचा अंधार मानवी चुकीने झाला, सायबर हल्ल्याने नव्हे, असं सांगितलं. रेकॉर्डेड फ्यूचरनेही घुसखोरी आणि तो अंधार यांचा संबंध सिद्ध झालेला नाही असंच लिहिलं होतं. माझं मत असं की या वादाने मूळ प्रश्न झाकला. वीजवाहिन्या मोजक्या असताना देखभालीचं वेळापत्रक कसं ठरतं, पहिली लाइन गेल्यापासून अंधार होईपर्यंत कोणत्या नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर काय दिसत होतं, भार कमी करण्याचा निरोप कुणी कुणाला कधी दिला आणि तो कधी पाळला गेला, हे प्रश्न चीनपेक्षा कितीतरी जवळचे आहेत. त्यांची उत्तरं कुणाच्या मतावर अवलंबून नाहीत. मिलिसेकंदाच्या शिक्क्यांसह ती आरटीयूंच्या आणि रिलेंच्या स्मृतीत नोंदली गेलेली असतात.

त्यानंतर काही कामं झाली. खारघरहून विक्रोळीपर्यंत ४०० केव्हीची लाइन आली आणि मुंबईच्या पोटात पहिलं ४०० केव्ही उपकेंद्र उभं राहिलं. पालघर जिल्ह्यातल्या कुडूसहून आरेपर्यंत १००० मेगावॉटची एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाची, वाहिनी हाती घेतली गेली. त्या वाहिनीच्या दोन टोकांची कन्व्हर्टर केंद्रं म्हणजे टेबलावरच्या प्रोग्रॅमेबल पॉवर सप्लायचंच महाकाय रूप: किती मेगावॉट, कोणत्या दिशेने, किती व्होल्टला, हे सगळं लांबून आज्ञा देऊन ठरवायचं, आणि आत काय बिनसलं ते त्यांनी हजारो बिटांतून कळवायचं. त्या बिटांतली कोणती मुखवट्याआड ठेवायची आणि कोणत्या बिटासाठी रात्री दोन वाजता माणसाला उठवायचं, हे ठरवणाऱ्या अभियंत्यांवर या शहराची मोठी भिस्त असणार आहे.

आपण ग्राहक यात काय करू शकतो, तर एक मागणी. मोठ्या भागात वीज खंडित झाली की त्याचा घटनाक्रम, म्हणजे कोणती लाइन किती वाजता गेली, कोणता रिले चालला, कोणती खबर कुणापर्यंत पोचली आणि कोणती पोचली नाही, हे सोप्या मराठीत आठवड्याभरात प्रसिद्ध व्हावं. नोंदी यंत्रांनी केलेल्याच असतात; त्या बाहेर ठेवायला नवं काही बांधावं लागत नाही. वीजदर ठरवण्याआधी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो आणि ग्राहकांकडून लेखी सूचना-हरकती मागवतो. मीरा-भाईंदरच्या सोसायट्यांनी आणि गाळेधारकांनी पुढच्या सुनावणीत दराबरोबर ही मागणीही लिहून द्यावी.